हर्निया म्हणून खपवलेलं दुखणं

८ जुलै, मंगळवार

डायरी लिहिणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. स्वतःशी बोलायचं तर आंघोळ करताना बोलावं, त्याला कागद कशाला? पण इतकी वर्षं दिवाळी अंकांत आणि जयपूरच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दुसऱ्यांच्या फजित्या छापल्यावर आज माझी स्वतःची अशी फजिती झाली आहे की ती छापता येत नाही आणि पोटातही ठेवता येत नाही.

मला स्तनाचा कॅन्सर झाला आहे.

लिहून पाहिलं. तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून लिहिलं. चौपन्न वर्षांचा, कराडकडचा, मिशा असलेला, विमा कंपनीच्या विभागीय कार्यालयात खुर्ची असलेला पुरुष, आणि त्याला हे.

डॉ. विजयालक्ष्मी धोटे सर्जन आहेत, अमरावतीच्या. जयपुरात मराठी डॉक्टर मिळाली म्हणून माझी बायको मधुमती खूश होती, जणू मराठीत निदान झालं की आजार सौम्य होतो. बाई म्हणाल्या, "पुरुषांनाही होते ही गाठ, पाटणकर. शंभर पेशंटांत एखादा पुरुष असतो."

मी म्हणालो, "डॉक्टर, आयुष्यात सोडतीत मला स्टीलची वाटीसुद्धा लागली नाही."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसत्या थांबल्या. माझ्या विनोदावर न हसणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. विनोद सरेपर्यंत थांबून राहणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

गाडीत बसल्यावर मधुमती म्हणाली, "देवयानीला आत्ता नको सांगायला. लग्न होईपर्यंत नको."

"नको," मी म्हणालो. आमचं इतक्या पटकन एकमत संसारात पहिल्यांदाच झालं असावं.

देवयानी आमची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची. अहमदाबादला घरांचे नकाशे काढते. फेब्रुवारीत तिचं पुण्याच्या संग्रामशी लग्न ठरलं आहे. ऑफिसला, शेजाऱ्यांना आणि तिला आम्ही हर्निया सांगणार आहोत. हर्निया हा फार सभ्य आजार आहे. कुणी 'कुठे, दाखव' म्हणत नाही.

११ जुलै

हॉस्पिटलच्या या विभागाला गुलाबी रंग दिला आहे. भिंती गुलाबी, पडदे गुलाबी, मला मिळालेली फाइलसुद्धा गुलाबी. तशी या शहरात गुलाबी रंगाची तक्रार करणाऱ्याने मुळात इथे बदलीच घेऊ नये. दारावरच्या रखवालदाराने मला अडवलं, "भाईसाहब, जेन्ट्स उधर." मी म्हणालो, पेशंट मी आहे. त्याने मधुमतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा मधुमतीकडे, की बाई, यांना समजवा.

आत सगळ्या बायका. नर्सने माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी मधुमतीकडे सहानुभूतीने पाहिलं. मी उठलो तेव्हा एक आजी तोंडाला पदर लावून हसल्या. रागवावं तर मीही हसलो असतो.

नर्सचं नाव सुगन कंवर. उंच, खणखणीत आवाजाची राजपूत बाई. तिने मला स्वतःचा मोबाइल नंबर दिला. "कुछ भी पूछना हो, मुझे पूछिए. डॉक्टर को ढूँढना आपका काम नहीं, मेरा काम है."

विम्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असली आश्वासनं चांगली ठाऊक असतात. ती आम्हीच छापतो, बारीक अक्षरात. म्हणून दुपारी मी मुद्दाम फोन केला आणि विचारलं, मिरची वडा चालेल का? वाटलं, आता झापणार. ती म्हणाली, "दो मिनट." आहारवाल्या बाईंना विचारून तिने परत फोन केला. "खाइए. आधा."

अर्धाच खाल्ला. का, ते मला कळत नाही. आजवर मला वड्याचा अर्धा भाग टाकून द्यायला कुणी लावलं नव्हतं.

१६ जुलै, बुधवार

दर बुधवारी इथे सगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून एकेका पेशंटचा विचार करतात, त्याला बोर्ड म्हणतात, आणि शेवटी पेशंटलाही आत बोलावतात. सुगन कंवरने हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात लेख लिहायला घेतला होता. समित्या, उपसमित्या आणि आढावा बैठका यांत माझी नोकरी गेली. त्या सगळ्यांचं फलित मला विचाराल तर सामोसे.

आत गेल्यावर मी आधी सामोसेच शोधले. नव्हते.

लांबट टेबलाभोवती माणसं. भिंतीवरच्या पडद्यावर जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची नक्षी. मला वाटलं, सांगानेरच्या कापडावरच्या छापकामाचा नमुना असेल. तो मी होतो. माझ्या गाठीचा पातळ काप. पॅथॉलॉजीच्या बाई हातातल्या लाल दिव्याने त्या नक्षीतली एकेक पेशी दाखवत होत्या, आणि बाकीचे पुढे वाकून पाहत होते. माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी पाहिलेलं नाही. लग्नाच्या वेळी दाखवायला नेलं तेव्हाही नाही.

मग वाद सुरू झाला. काखेतल्या गाठी किती काढायच्या यावर फिजिओथेरपीची एक पोरगेली मुलगी थेट विजयालक्ष्मीबाईंना म्हणाली, "मॅडम, जास्त काढल्यात तर हात वर जाणार नाही, सूज येईल. त्यांचा उजवा हात आहे. ते लिहितात." ते कधी सांगितलं मी? सुगन कंवरला सांगितलं होतं, वड्याच्या फोनवर, बढाई म्हणून. आमच्या कार्यालयात कनिष्ठाने वरिष्ठाला असं तोडलं तर त्याची बदली बाडमेरला होते. बाई म्हणाल्या, "बरोबर. आधी पहिल्याच गाठी तपासू, त्या साफ असल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही." आणि पुढचा विषय.

एवढं सगळं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, "आम्हाला काय करता येईल ते तुम्ही ऐकलं. आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

मी म्हणालो, "टक्कल पडणार असेल तर न्हाव्याला आगाऊ कळवायला हवं."

पुन्हा तेच. सगळे थांबले. एवढ्या शिकलेल्या माणसांनी एकाच वेळी गप्प बसणं हे एक भयंकर दृश्य असतं. मधुमती म्हणाली, "फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे."

आणि मी बोललो, "त्या दिवशी मला मांडवात उभं राहायचंय. पेशंट म्हणून नाही. बाप म्हणून."

हे वाक्य माझं वाटत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याची टर उडवली असती. पण त्यानंतर जे झालं ते पाहत मी खुर्चीत बसून राहिलो. एकही जण म्हणाला नाही की लग्नबिग्न नंतर बघू. किमोवाल्या सरदार डॉक्टरांनी कॅलेंडर काढलं. रेडिएशनच्या बाई म्हणाल्या, डिसेंबरात मला द्या, जानेवारी त्यांना मोकळा हवा, अंगात ताकद यायला. त्यावर ते म्हणाले, मग माझं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपलं पाहिजे. दोघे भांडले, खरोखर भांडले, माझ्या मुलीच्या मुहूर्तावरून, जशी काही ती तारीख माझ्या फुप्फुसाशेजारचा अवयव आहे आणि तिला धक्का लागता कामा नये.

बाहेर आल्यावर मी मधुमतीला म्हटलं, "चहा घेऊ."

२ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. उजवीकडे आता सपाट मैदान. पहिल्या गाठींपैकी एकीत किंचित काहीतरी निघालं, म्हणून किमो नक्की. ती फिजिओची मुलगी रोज येऊन माझी बोटं भिंतीवरून वर चढवते. काल खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचलो तर टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हटलं, बाळ, मी पदवीधर आहे. ती म्हणाली, "हाँ अंकल, अब थोड़ा और ऊपर."

ऑफिसातले भेटायला आले. हर्नियाचं वर्णन मी इतकं रंगवलं की आमच्या शाखाधिकाऱ्यांना स्वतःचं पोट दुखायला लागलं.

मधुमती हल्ली भांडत नाही. पहाटे जाग येते तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून जागीच असते. माझ्या घोरण्याने झोपमोड होत असणार. चिडली असेल.

१९ ऑगस्ट

ऑपरेशनच्या आधी फरहीनने रक्त घेतलं होतं. फरहीन म्हणजे इथली आनुवंशिक सल्लागार, देवयानीच्याच वयाची. पुरुषाला हा आजार झाला की तो घराण्यातून आलाय का हे तपासतात. आज तिने आम्हाला तिच्या छोट्या खोलीत बसवलं. टेबल मध्ये ठेवलं नाही, खुर्ची ओढून आमच्याशेजारी बसली. तेव्हाच मला कळलं.

जनुकात दोष आहे. माझ्या आईकडून आला असेल नाहीतर वडिलांकडून. आजीच्या एका बहिणीला 'काहीतरी छातीत' झालं होतं एवढं आठवतं. घरात त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

"आणि देवयानी?" मधुमतीने विचारलं.

"फिफ्टी-फिफ्टी," फरहीन म्हणाली. मुलीत तो आलेला असण्याची शक्यता निम्मी. आला असला तरी आज तिला काही झालेलं आहे असं नाही. पण तपासण्या लवकर सुरू करता येतात, काही झालंच तर अगदी आरंभी पकडता येतं. ती चाचणी करायची की नाही हे देवयानीनेच ठरवायचं. फक्त, ठरवायला तिला आधी माहीत हवं.

मधुमतीचा चेहरा उतरला. "लग्न मोडेल हो. आमच्यात असं कळलं की..." फरहीनने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

मी म्हटलं, "फेब्रुवारीनंतर सांगू."

मला वाटलं, आता व्याख्यान. मुलीचा हक्क, विज्ञान, एकविसावं शतक. ती म्हणाली, "ये आपकी रिपोर्ट है, अंकल. आपकी मर्ज़ी के बिना इस कमरे से बाहर नहीं जाएगी. कब बताना है, आप सोचिए. कैसे बताना है, उसमें मैं साथ हूँ."

बस. एवढंच.

मला तिचा भयंकर राग आला. जरा दमदाटी केली असती तर मला ठणकावून नाही म्हणता आलं असतं. आता ते नाही म्हणणं माझ्याच गळ्यात घातलंय तिने.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. देवयानीचा व्हिडिओ कॉल. आरती फोनवरून. मी डाव्या हाताने घंटा वाजवत होतो.

"बाबा, डाव्या हाताने का?"

"उजव्यात प्रसाद आहे."

"दाखवा."

"खाल्ला."

ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, मतलब, तुम्ही आजकाल खूपच जोक मारता. बोर नाही होत?" मी म्हटलं, बापाचा धंदाच तो. ती म्हणाली, "नाही, आधी तुम्ही लोकांवर मारायचे."

फोन ठेवल्यावर मधुमती म्हणाली, तिला काही कळलं नाही ना? मी म्हटलं, छे. ती आपली वास्तुरचनेत गुंग आहे.

१७ सप्टेंबर

केस गेले. मिशीसुद्धा. आरशात एक अनोळखी, भलताच सात्त्विक गृहस्थ दिसतो. त्याच्याकडून मी विमा घेतला नसता.

आज सुगन कंवरने मला महिन्यातल्या त्या बैठकीला ओढून नेलं, जिथे पेशंट आपापसात बोलतात. नाव 'सखी'. मी म्हटलं, नावातच माझा प्रश्न मिटलाय. ती म्हणाली, "चाय अच्छी मिलती है." बाईला माझी नस सापडलेली आहे.

दारात विजयमाला जैन. जोहरी बाजारात साड्यांचं दुकान आहे, डोक्यावर झगझगीत स्कार्फ. "आइए भाईसाहब! हम सोच ही रहे थे, मर्द लोग हर जगह घुस जाते हैं, यहाँ क्यों नहीं आए अब तक." सगळ्या खदखदून हसल्या. शेजारच्या बाईने माझ्यासाठी जागा केली, खांद्याला हात लावून विचारलं, कोणती बाजू? उजवी. "मेरी भी." जसं काही आम्ही एकाच गावचे निघालो.

उपरोध हा माझा व्यवसाय आहे. तासाभरात माझी त्या बायकांनी इतकी यथेच्छ टिंगल केली की मला घरी आल्यासारखं वाटलं. किमोनंतर तोंडाला चव नसते त्यावर काय चघळायचं, झोप येत नाही तेव्हा काय, नवरा बघवत नाही तेव्हा काय (विजयमालाजी: "वो तो पहले भी नहीं देखा जाता था"). आणि मध्येच कुणी रडलं की सगळ्या थांबतात, रडणं पुरं होऊ देतात. गप्प करत नाहीत. हे शिकलेल्या कुठे या बायका? की तो बुधवारचा बोर्ड इथून शिकला?

शेवटी हंसा बोलली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात तिच्या नवऱ्याचा छोटा कारखाना आहे, हिचं वय असेल एकतीस-बत्तीस. तिचं उशिरा सापडलं, हाडापर्यंत गेलं आहे. फार सावकाश बोलली. तिच्या आत्याला सीकरला हेच झालं होतं. घरच्यांनी 'लंबी बीमारी' म्हणून सांगितलं, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. त्यांतली एक हंसा.

"शादी अच्छी हुई मेरी," ती म्हणाली. "बुआ से कोई नाराज़गी नहीं. बस, कोई बता देता."

चहा चांगला होता. मी अर्धा टाकला.

१८ सप्टेंबर

काल लिहिलेलं वाचलं. हंसाच्या घरच्यांवर मी एक झणझणीत लेख लिहू शकतो. शब्द तयार आहेत. समाज, प्रतिष्ठा, पोरींची लग्नं, दांभिकपणा.

लेख लिहायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदात त्या आत्याच्या दादल्याचं वर्णन करताना त्याला मिशा दिल्या, विम्याची नोकरी दिली. मग पेन खाली ठेवलं.

८ ऑक्टोबर

आजचं लिहायला हवं. नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं काही झालंच नाही.

फरहीनला फोन केला होता, देवयानी दिवाळीला येतेय, सांगायचं ठरवलंय, पण तोंड उघडलं की विनोद बाहेर येतो, काय करू? ती म्हणाली, या, तालीम करू. मला वाटलं, थट्टा करतेय.

इथे खरोखर तालीम करतात. फरहीनची खोली, मधुमती कोपऱ्यात, सुगन कंवर दाराशी. फरहीन म्हणाली, मी देवयानी झाले असते, पण तुम्ही घरी मराठी बोलता, आणि अवघड गोष्ट ज्या भाषेत सांगायची त्याच भाषेत सराव हवा. म्हणून तिने विजयालक्ष्मीबाईंना बोलावलं होतं. त्या ऑपरेशन संपवून तशाच आल्या, डोक्यावर हिरवी टोपी, कपाळावर तिचा वळ. एवढी मोठी सर्जन माझ्यासमोर खुर्चीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं, बाबा. बोला."

मला हसू आलं. पन्नाशीची बाई, वऱ्हाडी हेल, आणि मला बाबा म्हणते आहे.

"देवयानी," मी म्हणालो, "माझा जो हर्निया आहे ना, त्याने जरा जागा बदलली आहे."

"पुन्हा," फरहीन म्हणाली.

"देवयानी, तुझ्या बापाने या वयात एक विक्रम केला आहे."

"पुन्हा."

मी किती वेळा सुरुवात केली ते मोजलं नाही. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी मी म्हणालो, "बाळा, मला स्तनाचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन झालं. मी बरा होतोय. पण तो आपल्या रक्तातून आलेला असू शकतो, तुझ्यातही, म्हणून तुला सांगतोय."

पहिल्यांदाच तोंडाने म्हणालो. छत कोसळलं नाही.

बाई देवयानीच्या भूमिकेत इतक्या शिरल्या होत्या की त्यांनी मला सोडलं नाही. "जुलैपासून माहीत होतं ना तुम्हाला, बाबा? मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तुझ्या लग्नासाठी."

"खरं सांगा."

"खरंच. लग्न मोडू नये म्हणून."

बाईंनी टोपी काढली. देवयानी कुठे संपली आणि डॉक्टर कुठे सुरू झाली ते कळलं नाही. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाटणकर, जनुकाचं तर ऑगस्टमध्ये कळलं. हर्निया तुम्ही जुलैतच सांगून राहिले होते."

खोली पुन्हा गप्प. आता मला ते गप्प बसणं ओळखीचं झालं आहे. त्यात पडायला भीती वाटत नाही.

"लाज वाटली," मी म्हणालो.

कोपऱ्यातून मधुमतीचा आवाज आला, "मला वाटत होतं, तुम्ही मरणाला भ्यालात म्हणून बोलत नाही. मी रोज पहाटे तुमचा श्वास चाललाय का बघत होते. आणि तुम्हाला लाज वाटत होती?" आणि ती हसली आणि रडली, एकदमच. मी अडवलं नाही. सुगन कंवरने दार लावून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी दरडावलं, "मैडम मीटिंग में हैं."

होत्याच. पाच माणसांची मीटिंग. विषय: एका बापाचं पहिलं वाक्य. मी सरकारी-निमसरकारी किती सभांना बसलो असेन, पण इतकं महत्त्वाचं काम एकीतही झालेलं मला आठवत नाही.

१९ ऑक्टोबर

देवयानी काल आली. स्टेशनवर मी टोपी घालून गेलो. तिने बॅग खाली ठेवली, टोपीकडे पाहिलं, मग भुवया नाहीत तिथे पाहिलं.

"बाबा, हर्नियाने केस जातात?"

घरी निवांत सांगायचा बेत फुकट. मी तिथेच, हमालांच्या गर्दीत, तिला ते वाक्य सांगितलं. जसं बसवलं होतं तसं, एक शब्द इकडेतिकडे न करता. एक हमाल डोक्यावर दोन सूटकेस घेऊन 'हटो बाऊजी' म्हणत होता आणि मी हटलो नाही.

आमचं आदर्श नगर येईपर्यंत ती गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होती. घरी आल्यावर चकल्या तळणाऱ्या मधुमतीला तिने मिठी मारली आणि मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता जनुकाबद्दल विचारेल. संग्रामबद्दल विचारेल.

"मला वाटलं होतं, तुम्हाला सहा महिनेच दिलेत डॉक्टरांनी," ती म्हणाली. "गणपतीपासून. रोज फोन ठेवला की मी रडायचे. मतलब, तुम्ही मला किती घाबरवलंय याची आयडिया आहे तुम्हाला?"

"तुझ्या लग्नाच्या तारखेभोवती सगळी ट्रीटमेंट बसवलीये गं," मधुमती समजुतीने म्हणाली. "बोर्डात ठरलं तसं."

"वा! अख्ख्या हॉस्पिटलला माझ्या लग्नाची तारीख माहितीये. आणि मला तुमच्या ऑपरेशनची नाही."

मी चकली खाल्ली. बऱ्याच दिवसांनी खारट लागली.

२५ ऑक्टोबर

देवयानीने फरहीनची भेट घेतली, एकटीने. बाहेर येऊन म्हणाली, रक्त दिलं.

संग्रामला तिनेच फोनवर सांगितलं. मधुमतीने विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, थोडा वेळ दे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे थोडा वेळ, आई."

मधुमती देवघरात जाऊन बसली. मला संग्रामला फोन करून चार शब्द सुनवावेसे वाटले. माझे चार शब्द महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. देवयानी म्हणाली, "बाबा, प्लीज. तुम्हाला किती वेळ लागला होता?"

फोन खिशात ठेवला.

५ नोव्हेंबर

परवा शेवटचा किमो झाला. सरदार डॉक्टरांनी पाठ थोपटली. 'सखी'त विजयमालाजींनी पेढे वाटले आणि जाहीर केलं की मी आता कायम सदस्य. हंसा आली नव्हती. ती वॉर्डात आहे. मी वर जाऊन तिला भेटलो. देवयानीला सांगितलं, म्हटलं. ती डोळे मिटून हसली. म्हणाली, "अच्छा किया." मग म्हणाली, "ख़ूब अच्छा किया." आणि झोपली.

तिच्या उशाशी फिजिओची मुलगी बसली होती. व्यायाम तर आता काही उरले नव्हते. मी विचारलं, तू काय करतेस इथे? ती म्हणाली, पाय दुखतात म्हणते, चेपतेय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देवयानी रिपोर्टसाठी अहमदाबादहून आली. रात्रीच्या गाडीने. संग्राम आला नाही. फोन येतात म्हणे, पण काय बोलतात ते ती सांगत नाही.

फरहीनच्या दाराशी आम्ही तिघं. फरहीनने दार उघडलं, आमच्याकडे नाही, देवयानीकडे पाहून विचारलं, "सुनते वक़्त साथ में कौन हो, ये आप बताइए."

मधुमती पर्स उचलून उभी राहिली होती. मीही. अर्थात आम्ही. दुसरं कोण?

"कोणी नाही," देवयानी म्हणाली. "मी एकटी ऐकणार."

"अगं पण..."

"आई, आधी मला कळू दे. मग तुम्हाला कधी सांगायचं ते मी ठरवीन." आवाज चढलेला नव्हता. उलट तिने मधुमतीचा पदर खांद्यावर नीट केला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा आहे. मी बाजूला झालो. तेवढंच सुचलं.

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. आतून आवाज येत नव्हता. या खोल्यांमधून बोलणं बाहेर येत नाही. महिनोन्महिने आतल्या बाजूला बसून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सुगन कंवर फाइली घेऊन निघाली होती, आम्हाला पाहून थांबली. "आज आपका तो नंबर नहीं है, पाटणकरजी."

"माझा नाही," मी म्हणालो. "मुलीचा आहे."

तिने मान डोलावली. धीर सोडू नका, सगळं ठीक होईल, असलं काही म्हणाली नाही. मधुमतीशेजारी बसली, फाइली मांडीवर ठेवून, आणि बसून राहिली. कॉरिडॉरमधून तिला कुणीतरी हाका मारत होतं.

दार उघडलं. माणसांचे चेहरे वाचणं हे माझं पोटापाण्याचं नसलं तरी नावलौकिकाचं काम. देवयानीचा चेहरा मला वाचता आला नाही. डोळे ओले होते, पण ओले डोळे दोन्ही बातम्यांना होतात.

"भूक लागलीये," ती म्हणाली. "कचोरी खाऊ या?"

खाल्ल्या. तिने दोन खाल्ल्या. मी त्या दोन कचोऱ्यांचा अर्थ एकीकडून लावला, मग दुसरीकडून लावला, दोन्हीकडून लागतो. मधुमतीने तीनदा श्वास घेतला, विचारायला. तिन्ही वेळा मी तिच्या ताटात चटणी वाढली.

आता संध्याकाळ आहे. मघाशी देवयानीचा फोन वाजला, पडद्यावर संग्रामचं नाव होतं. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. आमच्या घराच्या भिंती हॉस्पिटलसारख्या नाहीत, जरा कान दिला तर सगळं ऐकू येतं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला आहे. पलीकडच्या खुर्चीत मधुमती बसली आहे. तिने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि आणखी थोडा वाढवला.